हे आलं कुठून?

लॉर्ड मेकॉलेच्या नावावरचा एक उतारा महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांतून वर्षानुवर्षं फिरतो आहे. वक्तृत्व स्पर्धेत तो ऐकू येतो, वार्षिकांकात छापला जातो, बी.एड.च्या प्रकल्पात पहिल्याच पानावर चौकटीत बसतो. आपण हिंदुस्थानभर फिरलो, पण एकही भिकारी किंवा चोर दिसला नाही. या देशाला जिंकायचं तर त्याची जुनी शिक्षणपद्धती मोडली पाहिजे, असा त्याचा आशय. खाली तारीख असते २ फेब्रुवारी १८३५ आणि ठिकाण असतं ब्रिटिश पार्लमेंट.

तारीख आणि ठिकाण इतकं नेमकं दिलेलं असलं की शंका घ्यायला कोणी धजत नाही. पण एखाद्या शिक्षकाने हा उतारा फळ्यावर लिहिला आणि ‘हे आलं कुठून?’ एवढंच विचारून वर्ग ग्रंथालयात पाठवला, तर पहिला प्रश्न अगदी साधा निघतो. त्या दिवशी मेकॉले होता कुठे? त्याचा भाचा जॉर्ज ऑटो ट्रेव्हेल्यन याने लिहिलेलं, १८७६ मध्ये निघालेलं चरित्र उघडलं की कळतं, मेकॉले जून १८३४ मध्ये मद्रासला उतरला आणि १८३८ पर्यंत इथेच होता. गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचा सभासद म्हणून त्याचा मुक्काम कलकत्त्याला. फेब्रुवारी १८३५ मध्ये लंडनच्या पार्लमेंटात भाषण करणं त्याला शक्यच नव्हतं.

मग ही तारीख आली कुठून? तारीख खरीच आहे. त्या दिवशी मेकॉलेने आपलं शिक्षणविषयक प्रसिद्ध टिपण लिहिलं. एच. शार्प यांनी संपादित केलेल्या आणि १९२० मध्ये कलकत्त्याला छापलेल्या सरकारी शैक्षणिक दस्तऐवजांच्या संग्रहात ते संपूर्ण मिळतं. ते वाचून काढलं तरी भिकारी आणि चोरांचं वाक्य त्यात सापडत नाही. पार्लमेंटात हिंदुस्थानावर मेकॉलेचं गाजलेलं भाषण झालं होतं, पण ते १० जुलै १८३३ रोजी, आणि तेव्हा त्याने या देशात पाऊलही टाकलेलं नव्हतं.

एवढ्याने मेकॉले निर्दोष ठरत नाही. मूळ टिपणात संस्कृत आणि अरबी वाङ्मयाबद्दल जी तुच्छता आहे ती बनावट उताऱ्यातल्या कारस्थानापेक्षा कितीतरी बोलकी आहे. ज्याला मेकॉलेवर टीका करायची आहे त्याच्या हाती आता अस्सल पुरावा येतो, आणि तो पानाच्या क्रमांकासह देता येतो. विद्यार्थ्याने या एका कामात एक चरित्र, एक दस्तऐवजसंग्रह आणि संसदेच्या कामकाजाचा वृत्तांत हाताळलेला असतो. कोणत्या प्रश्नाला कोणतं साधन उघडायचं, हे त्याला कळलेलं असतं. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना हे कळावं कसं आणि शिकवावं कोणी, हा या पुस्तकाचा विषय आहे. ग्रंथालयशास्त्रात त्याला माहिती साक्षरता म्हणतात.

आजचं चित्र सर्वांच्या परिचयाचं आहे. प्रथम वर्षाचे प्रवेश झाले की एका दिवशी ‘ग्रंथालय परिचय’ होतो. शे-दीडशे मुलं सभागृहात बसतात. ग्रंथपाल वेळा सांगतात, किती पुस्तकं किती दिवसांसाठी मिळतील आणि उशीर झाला तर रोज किती दंड बसेल हे सांगतात. संगणकावरच्या ग्रंथतालिकेचा, म्हणजे ओपॅकचा, एक स्क्रीन दाखवला जातो, फोटो निघतात, नॅकच्या फाईलसाठी अहवाल तयार होतो. पुढची तीन वर्षं विद्यार्थ्याचा ग्रंथालयाशी संबंध दोन ठिकाणी येतो. एक, क्रमिक पुस्तक किंवा गाईड इश्यू करण्याचं काउंटर. दोन, परीक्षेच्या आणि स्पर्धा परीक्षेच्या दिवसांत गच्च भरणारी अभ्यासिका, जिथे तो स्वतःच्याच नोट्स घेऊन बसतो. मधली कपाटं तशीच राहतात.

यात विद्यार्थ्याला दोष देणं सोपं आहे. पण दहावी-बारावीपर्यंत त्याने एकवीस अपेक्षित प्रश्नांचे संच सोडवलेले असतात. प्रश्न आधी छापलेला, उत्तर त्याखाली छापलेलं. उत्तर शोधायचं असतं, त्यासाठी प्रश्न नीट मांडावा लागतो आणि दोन पुस्तकांनी दोन उत्तरं दिली तर निवाडा करावा लागतो, हे त्याच्यासमोर कधी आलेलंच नसतं. तोच मुलगा नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर वर्गात आला की त्याला ‘संशोधन पद्धती’ नावाचा विषय आणि पाठोपाठ संशोधन प्रकल्प दिला जातो. पोहायला शिकवण्याआधी पल्ल्याची स्पर्धा जाहीर होते, आणि मग तो झेरॉक्सच्या दुकानात मागच्या वर्षीचा प्रकल्प मागतो.

माहिती साक्षरता हा शब्दप्रयोग अमेरिकेत पॉल झुर्कोव्स्की यांनी १९७४ मध्ये केला. झुर्कोव्स्की माहिती-उद्योगाच्या संघटनेचे अध्यक्ष होते आणि त्यांच्या डोळ्यांसमोर कामाच्या ठिकाणी माहितीची साधनं वापरणारा माणूस होता. पुढे ग्रंथपालांनी ही कल्पना आपलीशी केली. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या समितीने १९८९ मध्ये तिची व्याख्या मांडली. माहितीची गरज कधी आहे हे ओळखणं, ती शोधणं, तिची पारख करणं आणि ती नीट वापरणं, असे तिचे चार भाग. महाविद्यालयीन ग्रंथपालांच्या संघटनेने २००० मध्ये त्यावरून पाच मानकं तयार केली. पंधरा वर्षांनी, २०१५ मध्ये, तिनेच ती बाजूला ठेवण्याकडे वाटचाल केली आणि सहा मूलभूत कल्पनांची चौकट पुढे आणली. कौशल्यांच्या यादीवर खुणा करून विद्यार्थी शहाणा होत नाही, हा अनुभव त्यामागे होता. अधिकारवाणी कुणाची मानायची हे विषयागणिक आणि प्रसंगागणिक ठरतं, आणि विद्वत्ता म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चाललेला संवाद, अशा कल्पना त्या चौकटीत आहेत.

हा विचार परदेशातून आला म्हणून आपल्याकडे त्याची मुळं नाहीत असं मात्र नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणलं आणि संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. पुढच्याच वर्षी तिथे ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. बडोद्याहून निघणाऱ्या ग्रंथालयविषयक नियतकालिकात इंग्रजी आणि गुजरातीच्या बरोबरीने मराठीलाही जागा होती. मद्रासला गणिताचे प्राध्यापक असलेले शि. रा. रंगनाथन १९२४ मध्ये विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. सुरुवातीला ते कंटाळले आणि वर्गात परत जाऊ देण्याची विनंती करू लागले. विद्यापीठाने त्यांना इंग्लंडला पाठवलं आणि तिथून ते झपाटून परतले. त्यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचा जन्मदिन म्हणून १२ ऑगस्टला महाविद्यालयांतून ग्रंथपाल दिन साजरा होतो, तसबिरीला हार घातला जातो.

रंगनाथन यांचा चौथा सिद्धान्त वाचकाचा वेळ वाचवायला सांगतो. तो मांडला गेला तेव्हा वाचकाचा वेळ पुस्तक सापडण्यात जात असे. आज शोधयंत्र क्षणात लाखभर दुवे पुढे टाकतं. वाचलेला तो वेळ कशाला लावायचा, याचं उत्तर विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही. या पुस्तकातल्या बहुतेक सगळ्या प्रकरणांचा रोख तिकडे आहे. शोधण्यात वाचलेला वेळ पडताळण्यात घालवायचा असतो.

पडताळणीची परंपरा मराठीत तर ठसठशीत आहे. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. १७५० ते १७६१ या काळातली पत्रं त्यात आहेत. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी लोकप्रिय बखरी अस्सल पत्रांना लावून पाहिल्या, आणि काळ, स्थळ, माणसं यांबाबत बखरी कुठे कुठे घसरतात हे दाखवलं. पानिपतची हकीकत लोकांना पाठ होती. ती कुणी, घटनेनंतर किती वर्षांनी आणि कशाच्या आधारे लिहिली, हे राजवाड्यांनी विचारलं. बी.ए.च्या विद्यार्थ्याला प्राथमिक आणि दुय्यम साधनांतला फरक शिकवायला याहून चांगला धडा बाहेरून आणण्याची गरज नाही.

तेच शंकर गणेश दाते यांचं. १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची त्यांनी सूची केली आणि पुढे १९३८ ते १९५० या काळासाठी दुसरा भाग केला. आजही एखादं जुनं मराठी पुस्तक छापलं गेलं होतं की नाही, असा वाद निघाला की जाणकार दाते सूचीकडे वळतात. श्री. व्यं. केतकरांचा ज्ञानकोश १९२० ते १९२७ या काळात तेवीस खंडांत बाहेर पडला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा. आता तो संकेतस्थळावरही वाचता येतो. ही सगळी साधनं महाविद्यालयाच्या संदर्भ विभागात ‘बाहेर नेऊ नये’ अशा शिक्क्यानिशी उभी असतात. ती कशासाठी उघडायची हे न सांगितल्यामुळे बाहेर नेण्याची वेळ कुणावर येत नाही.

मराठीतून शोध घेणाऱ्याच्या वाटेत काही खास मराठी अडथळे आहेत, आणि परदेशी हस्तपुस्तिकांत त्यांचा उल्लेख सापडत नाही. राजवाड्यांच्या मालेचं नाव वर मुद्दाम अनुस्वारांसह दिलं आहे. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार गेले. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मात्र ते कायम आहेत, आणि ज्याने नोंद केली त्याने कधी ते ठेवले, कधी गाळले. माणसाला दोन्ही नावं एकच वाटतात. यंत्राला ती दोन वाटू शकतात. ज्या ग्रंथालयांत मराठी पुस्तकांच्या नोंदी रोमन लिपीत आहेत तिथे गोंधळ आणखी वाढतो. ‘ज्ञानेश्वरी’चा पहिला वर्ण कुणी डीएनवाय असा लिहितो, कुणी जेएन, कुणी जीवाय. एकाच शब्दाने शोधून ‘पुस्तक नाही’ असा निष्कर्ष काढणारा विद्यार्थी शेजारच्याच फळीवरच्या पुस्तकाला मुकतो.

टोपणनावांचंही तसंच. ‘विशाखा’ कुसुमाग्रजांच्या नावावर आहे, ‘नटसम्राट’ वि. वा. शिरवाडकरांच्या. माणूस एकच. तालिकेत ‘कुसुमाग्रज पाहा’ किंवा ‘शिरवाडकर पाहा’ अशी जोडनोंद असेल तर विद्यार्थी तरतो, नसेल तर अर्ध्या लेखनावर प्रकल्प लिहून मोकळा होतो. शतपत्रांचा लेखक शोधायचा तर लोकहितवादी आणि गोपाळ हरी देशमुख ही दोन्ही नावं माहीत हवीत. म्हणून शोध सुरू करण्यापूर्वी कागदावर शब्दांची यादी करायची सवय लावावी लागते. विषयाची पर्यायी नावं, जुने-नवे शब्द, व्यक्तीची सगळी नावं, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. दुष्काळावर काम करणाऱ्याने ‘अवर्षण’, ‘टंचाई’, ‘पाणीटंचाई’ हे शब्दही टाकून पाहायचे असतात, कारण सरकारी कागद ‘टंचाई’ म्हणतो तिथे वर्तमानपत्र ‘दुष्काळ’ म्हणतं.

यादी करण्याआधी प्रश्न हवा. ‘महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या समस्या’ हा विषय प्रकल्पांच्या यादीत दरवर्षी असतो आणि त्याचं उत्तर कुठल्याही ग्रंथालयात मिळत नाही, कारण तो प्रश्नच नाही. त्याचा प्रश्न करायचा तर काळ, प्रदेश, पीक, लोक यांपैकी दोन-तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. ग्रंथपाल काउंटरवर उभ्या असलेल्या मुलीला जे विचारतात, ‘नेमकं काय हवंय गं तुला? कुठल्या जिल्ह्याचं? किती सालापासूनचं?’, तीच संशोधनाची पहिली शिकवणी असते. अनेक ग्रंथपाल ती रोज देतात आणि तिची नोंद कुठल्याही रजिस्टरात होत नाही.

आकड्यांच्या बाबतीत तर मूळ कागद पाहण्याला पर्याय नाही. २०११ च्या जनगणनेत भारताचं साक्षरतेचं प्रमाण किती होतं? काही पुस्तकांत ७४.०४ टक्के आढळतं, काहींत ७२.९९ टक्के. दोन्ही आकडे जनगणनेचेच. पहिला २०११ मध्ये जाहीर झालेल्या तात्पुरत्या निष्कर्षांचा, दुसरा नंतरच्या अंतिम आकडेवारीचा. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं या दोन आकड्यांवरून हमरीतुमरीवर येतात. दोघांकडेही छापील पुरावा असतो. वाद मिटतो तो आकड्याच्या शेजारी ‘तात्पुरता’ की ‘अंतिम’ हा शब्द शोधल्यावर.

छापलेलं आणि विद्वानांनी उद्धृत केलेलं असलं म्हणजे प्रश्न संपतो, असंही नाही. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात १९८० मध्ये पाच वाक्यांचं एक पत्र आलं होतं. रुग्णालयात अफूजन्य वेदनाशामकं दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी फक्त चौघांत व्यसनाची नोंद आढळली, असं त्यात म्हटलं होतं. ते रुग्णालयात दाखल असलेल्यांबद्दल होतं, आणि संशोधन निबंध नव्हता, संपादकांना लिहिलेलं पत्र होतं. पुढे या पत्राचा हवाला देत ही औषधं दीर्घकाळ घेतली तरी व्यसन क्वचितच लागतं, असं लिहिलं जाऊ लागलं. त्याच नियतकालिकाने २०१७ मध्ये छापलेल्या विश्लेषणात या पत्राचे ६०८ हवाले तपासले गेले. त्यांपैकी ७२.२ टक्के लेखकांनी ते ‘व्यसन क्वचित लागतं’ याचा पुरावा म्हणून वापरलं होतं, आणि ८०.८ टक्क्यांनी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते हे सांगितलंच नव्हतं. अमेरिकेत या औषधांच्या व्यसनाने जो हाहाकार झाला त्याच्या अनेक कारणांमध्ये हे फसवं आश्वासनही मोजलं जातं. पाच वाक्यांचं पत्र उघडून वाचायला दोन मिनिटं लागतात.

कोणत्या नियतकालिकावर विसंबायचं, याची झळ तर पुण्याजवळच लागली. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदोन्नतीसाठी मान्य केलेल्या नियतकालिकांच्या यादीची चिकित्सा डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली आणि ती २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत शिरलेल्या नियतकालिकांच्या नमुन्यापैकी ८८ टक्क्यांहून अधिक दर्जाला उतरणारी नव्हती. त्याच वर्षी आयोगाने यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली, आणि नवी यादी सिद्ध करण्याचा कक्ष सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात उभा राहिला. २०२५ मध्ये आयोगाने ही यादीच बंद केली. आता नियतकालिकाची पारख ज्याची त्याने, म्हणजे संस्थेने, मार्गदर्शकाने आणि विद्यार्थ्याने करायची आहे. संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतला जातो का, पैसे भरल्यावर चार दिवसांत ‘स्वीकृती’ कशी येते, हे प्रश्न पूर्वी यादीवर सोडून देता येत होते.

साधनांची टंचाई ही तक्रार मात्र आता पूर्वीइतकी टिकत नाही. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’वर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध खुले आहेत. त्याच केंद्राच्या ‘एन-लिस्ट’ योजनेतून महाविद्यालयांना हजारो ई-नियतकालिकं मिळतात. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. लाभ मुख्यतः सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना. मराठी विषयांसाठी मात्र अजूनही पायपीट आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून उभं आहे, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून, आणि पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाचा आरंभ थेट १८३२ चा. अशा ठिकाणी जाण्यापूर्वी महाविद्यालयाचं पत्र न्यावं, हवी ती वर्षं आणि अंक आधी लिहून न्यावेत, जुन्या कागदाला पेन लावू नये, हेही कोणीतरी शिकवावं लागतं.

इंटरनेटवरच्या मजकुराची पारख कशी करावी, याबद्दल २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅक्‌ग्रू यांनी एक उद्‌बोधक प्रयोग मांडला. दहा इतिहासकार, दहा व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्डचेच पंचवीस विद्यार्थी यांना काही संकेतस्थळं तपासायला दिली. त्यांत बालरोगतज्ज्ञांच्या दोन संस्था होत्या. एक १९३० पासूनची, हजारो सभासदांची मुख्य संघटना. दुसरी २००२ मध्ये तिच्यातून मतभेदाने फुटलेला छोटा गट. नावं मिळतीजुळती, दोन्ही संकेतस्थळं देखणी. विद्यार्थी आणि बरेच इतिहासकार पान वरपासून खालपर्यंत वाचत बसले, बोधचिन्ह आणि संदर्भसूची पाहून प्रभावित झाले. तथ्यतपासनीसांनी काही क्षणांत ते पान सोडलं, नव्या खिडक्या उघडल्या आणि या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते पाहिलं. त्यांना उत्तर लवकर मिळालं आणि बरोबर मिळालं. आपल्याकडे मुलीला स्थळ आलं की मुलाकडच्यांनी पाठवलेला बायोडेटा कितीही सुबक असला तरी चार ठिकाणी चौकशी होते. तथ्यतपासनीस नेमकं तेच करत होते.

हे न केल्यास काय होतं, ते २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दिसलं. एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी पूर्वीच्या निवाड्यांचे दाखले दिले. प्रतिपक्षाला ते सापडेनात, न्यायाधीशांनाही सापडेनात, कारण ते चॅटजीपीटीने रचलेले होते. खटल्यांची नावं, न्यायालयं, क्रमांक, सगळं जागच्या जागी. वकिलाने पडताळणी केली होती, पण ती चॅटजीपीटीलाच ‘हे निवाडे खरे आहेत ना?’ असं विचारून. न्यायालयाने पाच हजार डॉलरचा दंड केला. महाविद्यालयीन प्रकल्पांच्या संदर्भसूचींतही अशी न लिहिलेली पुस्तकं येऊ लागली आहेत, आणि ती पकडण्याचा उपाय जुनाच आहे. नोंद घ्या, ओपॅकमध्ये किंवा नियतकालिकाच्या त्या अंकात पाहा, सापडली तर पान उघडा.

वाङ्मयचौर्याचा विषय येताच विद्यार्थी टक्केवारी विचारतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, त्यापुढे दहा ते चाळीस, चाळीस ते साठ आणि साठच्या वर असे स्तर आहेत. परिणाम असा की सॉफ्टवेअरच्या अहवालातला आकडा दहाच्या खाली आणणं हेच काम होऊन बसलं. शब्द फिरवून देणारी दुकानं निघाली. दुसऱ्याचा युक्तिवाद आपल्या शब्दांत, पण त्याचं नाव न घेता मांडला तर सॉफ्टवेअर शून्य दाखवेल आणि चोरी मात्र पूर्ण असेल. संदर्भ देण्याचं खरं कारण विद्यार्थ्याला शिक्षेच्या आधी कळायला हवं. वाचकाला त्याच वाटेने मूळ ठिकाणी जाऊन आपल्याला तपासता यावं, यासाठी तळटीप असते. मेकॉलेच्या उताऱ्याखाली ग्रंथ आणि पान असतं, तर तो पहिल्याच वाचकापाशी अडला असता.

हे सगळं शिकवायचं कोणत्या तासाला? अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात अर्लहॅम नावाचं एक छोटं कॉलेज आहे. तिथले ग्रंथपाल इव्हान फार्बर यांनी १९६० च्या दशकापासून एक पद्धत रुजवली. ग्रंथालयाची ओळख वर्षारंभी एकदाच उरकायची नाही. जीवशास्त्राच्या किंवा इतिहासाच्या शिक्षकाने निबंध लिहायला दिला की त्याच आठवड्यात ग्रंथपालाने त्या वर्गात जायचं आणि त्या निबंधाला लागणारी साधनं दाखवायची. विद्यार्थ्याला गरज असते तेव्हाच तो ऐकतो, हे त्यामागचं गणित. त्यासाठी शिक्षकाने गृहपाठ ठरवतानाच ग्रंथपालाशी बोलावं लागतं, आणि अडचण नेमकी तिथे येते. आपल्याकडे शिक्षक वर्गात असतो, ग्रंथपाल ग्रंथालयात असतो, आणि दोघांची भेट पुस्तकखरेदीच्या यादीवर सही करताना होते.

म्हणून या पुस्तकाची रचना साधनांच्या प्रकारांनुसार केलेली नाही. प्रत्येक प्रकरण एका वादग्रस्त किंवा अर्धवट विधानापासून सुरू होतं आणि त्याच्या मुळापर्यंत जाताना जी साधनं लागतात त्यांची ओळख वाटेत करून देतं. भाषेच्या विद्यार्थ्यासाठी आवृत्त्यांचा प्रश्न आहे. ‘गुलामगिरी’ १८७३ ची, पण विद्यार्थी वाचतो ते समग्र वाङ्मयाच्या कुठल्या आवृत्तीतून, आणि तिचे संपादक कोण? वाणिज्यच्या विद्यार्थ्यासाठी कंपनीचा वार्षिक अहवाल आणि त्यावरची बातमी समोरासमोर ठेवली आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला मागे घेतलेला शोधनिबंध कसा ओळखायचा ते दाखवलं आहे. प्रत्येक प्रकरणाअखेर एक शोधवही आहे. कोणते शब्द टाकले, काय मिळालं, काय टाकून दिलं आणि का, हे विद्यार्थ्याने त्यात लिहायचं. गुणांपैकी काही भाग या वहीला द्यावा अशी शिफारस आहे, कारण तयार प्रकल्प विकत मिळतो, चुकलेल्या वाटांची नोंद सहसा मिळत नाही.

एक प्रश्न या पुस्तकाच्या आवाक्याबाहेर राहतो आणि तो इथेच नोंदवलेला बरा. अनेक महाविद्यालयांत ग्रंथपालाची जागा रिकामी आहे आणि कारभार परिचराच्या किंवा लिपिकाच्या भरवशावर चालतो. जिथे ग्रंथपाल आहेत तिथे त्यांनी वर्गात घेतलेला तास वेळापत्रकात बसत नाही, कार्यभारात मोजला जात नाही आणि मूल्यमापनात त्यांची सही लागत नाही. संशोधन प्रकल्पाला श्रेयांक मिळाले, पण तो करायला शिकवणाऱ्याला अजून मिळालेले नाहीत. अभ्यासमंडळांच्या बैठकांत दर काही वर्षांनी अभ्यासक्रम बदलतात. पुढच्या बदलात संशोधन पद्धतीच्या विषयपत्रिकेत ग्रंथपालाचे चार तास नावानिशी लिहिले गेले, तर त्या तासांना काय शिकवायचं याची तयारी इथून पुढच्या पानांत आहे.